पहिल्या गोळीआधीची बाटली

बोरगाव मेघे वर्धा शहराला चिकटून आहे. जनगणनेत त्याची गणना शहरात होते, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. सिंदी मेघे, पिपरी मेघे, सावंगी मेघे, नालवाडी या शहराच्या कडेनं वाढलेल्या गावांसारखंच हेही. कुणी नोकरीवर, कुणी दुकानात, कुणी बांधकामावर, आणि कापूसवेचणीचे दिवस आले की ऑटोत दाटीवाटीनं बसून वावरात जाणाऱ्या बायका. वैद्यकीय सोयींच्या बाबतीत या पट्ट्यासारखं नशीब महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला आलं आहे. वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम. तिथं डॉ. सुशीला नायर यांनी वाढवलेलं कस्तुरबा रुग्णालय आणि 1969 मध्ये सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. त्याहूनही जवळ सावंगी. तिथं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय. एका छोट्या जिल्ह्याच्या गावाच्या आसपास दोन वैद्यकीय महाविद्यालयं.

तरीही लघवीला जळजळ सुरू झाली की इथली बाई पहिल्यांदा या दोन्हीकडे जात नाही. ती मेडिकलवर जाते, आणि बरेचदा स्वतःही जात नाही, मुलाला किंवा नवऱ्याला पाठवते. काय होतंय ते नीट सांगितलं जात नाही, ‘उन्हाळी लागली’ एवढाच निरोप पोचतो. त्या निरोपावर चार गोळ्या आणि एक सिरप घरी येतं. जळजळ दोन दिवसांत उतरते. महिना-दीड महिन्यानं पुन्हा सुरू होते. वारंवार होणाऱ्या मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात अशीच घडते, आणि हे पुस्तक त्याच गोष्टीबद्दल आहे.

पुस्तकाची जुळवाजुळव चालू असताना एका बाईंनी त्यांची औषधांची पिशवी माझ्यापुढे रिकामी केली. सेफिक्झिमचं पाकीट, त्यातल्या सहा गोळ्या तशाच. ऑफ्लॉक्सासिनची पट्टी, दोनच घेतलेल्या. नॉरफ्लॉक्सासिनची एक जुनी पट्टी, तारीख उलटून गेलेली. लघवीच्या सिरपच्या दोन बाटल्या, तळाशी चिकटलेल्या. घडी पडून पडून फाटलेले लघवीच्या साध्या तपासणीचे दोन रिपोर्ट. कल्चरचा, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, कागद एकही नव्हता. आतापर्यंत कितीदा झालं, असं विचारलं तर उत्तर आलं, “कोन मोजते बाई, होतेच राह्यते.”

या पुस्तकाला जे सांगायचं आहे ते या पिशवीतच आहे. प्रत्येक वेळचा त्रास स्वतंत्र समजून निस्तरला गेला. दर वेळी औषध वेगळं, दुकान वेगळं, कागद नाही. त्यामुळे हा एकच आजार परत परत येतो आहे, हे कुणाच्या नजरेलाच आलं नाही. डॉक्टरांच्याही नाही, कारण त्यांच्यापुढे ती पिशवी कधी उघडलीच गेली नव्हती. पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी लघवीची एक बाटली प्रयोगशाळेत पोचली असती, तर पुढच्या बऱ्याच गोळ्या वाचल्या असत्या.

‘वारंवार’ म्हणजे किती, याला वैद्यकशास्त्रात ठरलेलं माप आहे. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा, नाहीतर वर्षात तीन किंवा अधिक वेळा संसर्ग झाला तर तो वारंवार होणारा संसर्ग. त्यातही निदान कल्चरनं पक्कं झालेलं असावं, अशी अपेक्षा असते. हे माप इतक्या ठळकपणे सांगण्याचं कारण असं की, त्याच्या अलीकडे आणि पलीकडे उपचाराची दिशा बदलते. एखाद्या वेळी झालेला संसर्ग योग्य औषधाच्या छोट्या कोर्सनं संपतो. परत परत होणाऱ्याचा विचार करताना मात्र आता कोणतं औषध द्यायचं, या प्रश्नापुढे जाऊन हा परत का येतो, हे शोधावं लागतं. निम्म्याच्या आसपास बायकांना आयुष्यात कधी ना कधी लघवीचा संसर्ग होतो. त्यातल्या साधारण चौघींपैकी एकीला सहा महिन्यांच्या आत तो पुन्हा गाठतो. तेव्हा ज्या बाईला हे वारंवार होतं ती काही वेगळी नाही, तिच्या जातकुळीच्या बायका गल्लोगल्ली आहेत. फक्त त्या एकमेकींशी याबद्दल बोलत नाहीत.

न बोलण्याचं हे ओझं विदर्भातच एका अभ्यासानं जगापुढे मांडलं होतं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी होता, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या बायका फक्त 8 टक्के होत्या. तो अभ्यास लघवीच्या संसर्गापुरता नव्हता. पण दुखणं घरोघरी असूनही ते दवाखान्याच्या दारापर्यंत पोचत नाही, हे त्यातून आकड्यांत दिसलं. गडचिरोलीच्या त्या गावांत दवाखाना लांब होता, असं कुणी म्हणेल. बोरगावात तर तीही सबब नाही. इथं जे अंतर आहे ते रोजी बुडण्याचं आहे, रांगेत अर्धा दिवस जाण्याचं आहे आणि परक्या पुरुषापुढे हा विषय काढण्याच्या संकोचाचं आहे.

संकोचाच्या मुळाशी एक गैरसमज आहे, तो आधी बाजूला करायला हवा. लघवीचा संसर्ग झाला म्हणजे बाई अस्वच्छ राहते, असं घरात सर्रास म्हटलं जातं. सासू म्हणते, नणंद म्हणते, कधी कधी नर्ससुद्धा म्हणते. खरं कारण शरीराच्या घडणीत आहे. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा असतो, पुरुषाचा वीसच्या घरात. बाईच्या बाबतीत गुदद्वार, योनीमार्ग आणि मूत्रमार्गाचं तोंड एकमेकांच्या अगदी जवळ. संसर्ग करणारा जंतू बाहेरून कुठून येत नाही, तो आपल्याच आतड्यात राहणारा. दर चारपैकी तीन संसर्गांच्या मागे, किंबहुना त्याहूनही अधिकांच्या मागे, एश्चेरिशिया कोलाय म्हणजे ई. कोलाय असतो. थिओडोर एश्चेरिश या बालरोगतज्ज्ञानं 1885 मध्ये तो शोधला, म्हणून हे नाव. आतड्यात तो निरुपद्रवी. मूत्राशयात पोचला की त्याच्या अंगावरच्या केसासारख्या बारीक तंतूंनी अस्तराला चिकटतो. उंदरांवरच्या प्रयोगांतून असंही दिसलं आहे की, काही जंतू अस्तराच्या पेशींच्या आत शिरून तिथंच वाढतात. पेशींत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोचणं अवघड असतं. लघवी स्वच्छ दिसते आणि काही आठवड्यांनी त्रास पुन्हा डोकं वर काढतो. यातल्या कशाचाही बाईच्या आंघोळीशी संबंध नाही.

उलट अतिस्वच्छतेनं नुकसान होतं. जंतुनाशक द्रव पाण्यात टाकून आतून धुणं, सुगंधी साबण किंवा ‘इंटिमेट वॉश’ वापरणं यानं योनीमार्गातले राखणदार जंतू मरतात. ते लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू तिथं आम्लता टिकवून ठेवतात आणि ई. कोलायला पाय रोवू देत नाहीत. बाहेरून साधं पाणी पुरे. धुताना हात पुढून मागे न्यावा. या सवयीनं संसर्ग नक्की टळतो असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही, पण त्यात खर्च नाही, तोटा नाही. लहान मुलींना शाळेत जाण्याच्या वयापासून ती लावावी.

शरीरसंबंध हे वारंवार होणाऱ्या संसर्गाचं तरुण बायकांमधलं मोठं कारण. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत नव्या सुनेला जळजळ सुरू झाली की घरात शंकेचं वातावरण तयार होतं. संबंधाच्या वेळी आसपासचे जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात, एवढंच घडतं. हा गुप्तरोग नव्हे. तो नवऱ्यानं दिलेला नसतो, बायकोनं आणलेला नसतो. संबंधानंतर लघवीला जाऊन यावं. ज्यांना दर वेळी संबंधानंतरच त्रास होतो त्यांना डॉक्टर त्या वेळेपुरती एक गोळी ठरवून देतात, त्यानं फार मोठा फरक पडतो. हे डॉक्टरला सांगितलं तरच तसा उपाय मिळेल, म्हणून नवऱ्यानंही सोबत जावं.

आता पाण्याचं. वर्ध्याचा उन्हाळा सांगायला नको, पारा 45 अंशांच्या घरात जातो. जळजळीला सगळे ‘अंगातली उष्णता’ म्हणतात आणि ताक, सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी सुरू करतात. यात चूक काही नाही, कारण त्या निमित्तानं पाणी पोटात जातं. पण जंतू त्यानं मरत नाहीत, आणि उष्णता म्हणून सोडून दिलेला संसर्ग किडनीपर्यंत चढू शकतो. उन्हाळ्यात खरी अडचण लघवी कमी आणि घट्ट होण्याची. मूत्राशय वेळेवर रिकामं झालं नाही की जंतूंना वाढायला सवड मिळते. पाणी वाढवण्याचा फायदा होतो का, हे 2018 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात नीट तपासलं गेलं. दिवसाला दीड लिटरहून कमी द्रव घेणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या 140 बायका त्यात होत्या. निम्म्यांना नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी जास्त पिण्यास सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. औषध नाही, खर्च नाही, नुसतं पाणी. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

पण हे पाणी प्यायचं कुठं आणि सोडायचं कुठं? वेचणीला गेलेली बाई सकाळी घरून निघते ती संध्याकाळीच परतते. वावरात पुरुष असतात, आडोसा नसतो. ओटी बांधून ती ओळीनं पुढे सरकत राहते, वजनावर पैसे मिळतात, मध्येच उठून लांब जायचं म्हणजे तेवढा कापूस कमी. म्हणून तिनं स्वतःपुरता मार्ग काढलेला असतो, पाणीच प्यायचं नाही. “पानी पेलं तं जाचं कुठी?” हा तिचा प्रश्न कुठल्याही आरोग्य-पोस्टरपेक्षा नेमका आहे. बाजारातल्या दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींचं हेच, एसटीच्या महिला वाहकांचं हेच, ज्या शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप असतं तिथल्या विद्यार्थिनींचंही हेच. मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ नावाची मोहीम उभी राहिली ती याच प्रश्नावर. शहरात बायकांना लघवीसाठी मोकळी, मोफत आणि सुरक्षित जागा हवी, अशी तिची मागणी. गावाकडे अजून ती भाषासुद्धा उमटलेली नाही. बाईला पाणी प्या म्हणून बजावणाऱ्या प्रत्येकानं आधी तिच्या कामाच्या जागी संडास कुठं आहे ते पाहावं, असं मला मनापासून वाटतं. शेतमालकाला चार बांबू आणि एक ताडपत्री लावून आडोसा करता येतो. तो शेताच्या ज्या टोकाला वेचणी चालू असेल तिथं हलवता येतो. दुकानमालकाला शेजारच्या दुकानाशी मिळून सोय करता येते. या गोष्टी औषधोपचारात मोडतात, असंच हे पुस्तक मानतं.

बाटलीकडे येऊ. साधी लघवी तपासणी आणि कल्चर यांतला फरक कळला तर अर्धी लढाई जिंकली. साध्या तपासणीच्या रिपोर्टवर ‘पस सेल्स’ ही ओळ असते. साधारण पाचपर्यंत असल्या तर चालतं, आठ-दहा आल्या की घरात घबराट. खालीच ‘एपिथेलियल सेल्स’ची ओळ असते, ती कुणी वाचत नाही. त्या भरपूर असतील तर नमुना घेताना त्वचेवरचं मिसळलं आहे, म्हणजे नमुनाच बिघडलेला. अशा रिपोर्टवर गोळ्या सुरू करणं म्हणजे अंदाजावर चालणं. आणि कुठं पस सेल्स कायम आहेत, कल्चरमध्ये मात्र काहीच वाढत नाही, असं वारंवार दिसलं तर मूत्रमार्गाच्या क्षयाचाही विचार करावा लागतो. आपल्या देशात ही शक्यता विसरून चालत नाही.

कल्चरसाठी प्रयोगशाळेतून निर्जंतुक, रुंद तोंडाची बाटली आणायची. हात धुवायचे, बाहेरचा भाग साध्या पाण्यानं धुवायचा. बाटलीचं झाकण उघडल्यावर आतल्या कडेला बोट लावायचं नाही. लघवीची पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत घ्यायची, शेवटची पुन्हा सोडून द्यायची. झाकण घट्ट लावून वेळ लिहायची. तासा-दोन तासांत बाटली प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. नसेल जमत तर फ्रीजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. खोलीत तशीच राहिली तर जंतू बाटलीतच वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. देशातल्या कित्येक गावांत ही वेळेची अट पाळणंच अशक्य असतं. बोरगावहून सावंगीला ती सहज पाळता येते.

प्रयोगशाळेत त्या लघवीतला थेंबाहूनही लहान अंश बारीक कडीनं उचलून पोषक थर असलेल्या ताटलीवर रेघोट्या मारून पसरतात. ताटली रात्रभर शरीराच्या उष्णतेइतक्या तापमानात राहते. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांच्या रूपानं वसाहती दिसतात, त्या मोजतात. वाढलेल्या जंतूचा थर दुसऱ्या ताटलीवर पसरून त्यावर वेगवेगळ्या प्रतिजैविकांच्या छोट्या चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल उमटतो, जे पडत नाही त्याच्या अगदी काठापर्यंत जंतू वाढतो. हे सगळं व्हायला दोन दिवस लागतात. बायका म्हणतात, तोवर जळजळ सहन करायची का? नाही. नमुना दिल्यावर डॉक्टर औषध सुरू करतातच, रिपोर्ट आल्यावर ते बदलायचं की तेच ठेवायचं ते ठरतं. क्रम तेवढा उलटा होता कामा नये, कारण एक गोळी पोटात गेली तरी ताटलीवर काहीच न उगवण्याची शक्यता असते.

संसर्ग ठरवण्यासाठी मिलीलिटरमागे एक लाख जंतू हे माप अमेरिकेतल्या एडवर्ड कास यांनी 1950 च्या दशकात बसवलं, ते आजही रिपोर्टवर दिसतं. पण 1982 मध्ये वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, जिला खरोखर जळजळ आहे अशा बाईच्या लघवीत मिलीलिटरमागे शंभर जंतू सापडले तरी तो संसर्ग असू शकतो. तेव्हा रिपोर्टमध्ये आकडा कमी आहे म्हणून तिला काही झालेलंच नाही, असं म्हणून घरी पाठवू नये. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. काहीच त्रास नाही, नुसती लघवीत जंतूंची वाढ दिसते, अशांना प्रतिजैविक द्यायचं नसतं. म्हाताऱ्या बायकांत आणि मधुमेह्यांत असं पुष्कळदा दिसतं. त्यांना रिपोर्टपायी औषध दिलं तर फायदा होत नाही, जंतू मात्र निर्ढावतात. गरोदर बाई याला अपवाद. तिच्या लघवीत जंतू असतील तर त्रास नसला तरी उपचार करावाच लागतो, नाहीतर किडनीचा संसर्ग होण्याचा धोका आहे.

निर्ढावलेल्या जंतूंचा प्रश्न खराखुरा आहे, आणि पिशवीतल्या अर्धवट पट्ट्यांशी त्याचा थेट संबंध आहे. सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही नावं पूर्वी हमखास लागू पडायची. आता भारतात ई. कोलायवर ती पुष्कळदा निकामी ठरतात. 1 मार्च 2014 पासून सेफिक्झिमसह 46 औषधं ‘एच-वन’ या कडक सूचीत आली. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची, असा नियम आहे. तो कागदावर आहे. मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गावर आजही जी दोन औषधं चांगली चालतात ती जुनी आहेत: नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिन. पहिलं 1950 च्या दशकातलं, जेवणावर घ्यायचं, साधारण पाच दिवसांचा कोर्स, लघवी तपकिरी होते तिला घाबरायचं नाही. दुसरं पुडीतून येतं, पाण्यात मिसळून बहुधा एकदाच. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायची. किडनीपर्यंत संसर्ग चढला असेल किंवा किडनी कमजोर असेल तर ती उपयोगाची नाहीत. मेडिकलमधून सर्रास मिळणाऱ्या सिरपनं लघवी अल्कधर्मी होते, जळजळ निवते, म्हणून बरं वाटतं. जंतू मरत नाहीत. शिवाय नायट्रोफ्युरँटोइन आम्ल लघवीत अधिक चांगलं काम करतं, त्यामुळे दोन्ही एकदम घेणं हिताचं नाही.

ज्या बाईची पाळी गेली आहे तिच्याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, राखणदार जंतू ओसरतात आणि ई. कोलायला जागा मिळते. यावर स्थानिक इस्ट्रोजेनचं मलम आहे. 1993 मध्ये रझ आणि स्टॅम यांनी 93 बायकांवर केलेल्या अभ्यासात हे मलम वापरणाऱ्यांना वर्षाला सरासरी 0.5 वेळा संसर्ग झाला, न वापरणाऱ्यांना 5.9 वेळा. एवढा फरक दाखवणारा उपाय असताना पंचावन्न-साठीच्या बाईच्या चिठ्ठीवर तो क्वचितच दिसतो. तिला पुन्हा एक प्रतिजैविक मिळतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल तर मलमाचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारून घ्यावा. बाकीच्यांनी डॉक्टरांना स्वतःहून याबद्दल विचारावं.

याच वयात आणखी एक दुखणं लपवलेलं असतं, अंग बाहेर येण्याचं. बाळंतपणं, जड ओझी, वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेली कामं. गर्भाशय किंवा मूत्राशयाची भिंत खाली उतरली की लघवी पूर्ण होत नाही, आत थोडी उरते. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. अशी बाई लघवीला जाऊन आल्यावर लगेच पुन्हा जाते. सुनेला, मुलीला हे दिसत असतं. सोनोग्राफीच्या वेळी लघवी करून आल्यावर पुन्हा एकदा पाहिलं तर आत किती उरली ते कळतं. तिला प्रतिजैविकांचे कोर्स देत राहण्यात अर्थ नाही, अंग खाली आल्याचा इलाज करावा लागतो. पुरुषांमध्येही तत्त्व हेच, जागा प्रोस्टेटची. पन्नाशीनंतरच्या पुरुषाला लघवीचा संसर्ग झाला तर प्रोस्टेट, मूतखडा आणि साखर तपासल्याशिवाय विषय मिटवू नये. मूतखड्याचं तर दुष्टचक्र असतं: खड्याच्या खाचांत जंतू लपतात, आणि प्रोटियससारखे काही जंतू स्वतःच खडा तयार करतात.

मधुमेहाच्या नव्या गोळ्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यानं बाहेरच्या भागाला बुरशी होऊन खाज आणि आग होऊ शकते. ती लघवीचा संसर्ग समजून प्रतिजैविक घेतलं तर बुरशी आणखी वाढते. अंगावरून पांढरं जात असेल, खाज असेल आणि लघवी बाहेर लागल्यावर आग होत असेल तर दुखणं बहुधा योनीमार्गाचं आहे. पुन्हा पुन्हा थोडी थोडी लघवी, ओटीपोटात दुखणं आणि आतून जळणं असेल तर मूत्राशयाचं. हा फरक दोन वाक्यांत सांगता येतो, आणि आशाताईंना तो पाठ असावा.

संसर्ग होऊ नये म्हणून रोज थोड्या मात्रेत प्रतिजैविक देण्याची पद्धत आहे, सहसा तीन ते सहा महिने. ती उपयोगी पडते, पण थांबवल्यावर त्रास परत येऊ शकतो, शिवाय जंतू निर्ढावतात. म्हणून मेथेनामाइन या जुन्या औषधाकडे पुन्हा लक्ष गेलं आहे. आम्ल लघवीत त्यापासून फॉर्मल्डिहाइड तयार होतं आणि ते जंतूंना मारतं, त्याला सरावण्याची सोय जंतूंपाशी नाही. ब्रिटनमध्ये 240 बायकांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते रोजच्या प्रतिजैविकाच्या तोडीचं ठरलं. क्रॅनबेरीनं काही बायकांचे संसर्ग कमी होतात, असं 2023 च्या मोठ्या आढाव्यात दिसलं. ती महाग आहे, आणि तिच्यापायी भाजीपाल्याचे पैसे कमी करावेत इतका तिचा मोठेपणा नाही. डी-मॅनोज नावाच्या साखरेची जाहिरात जोरात चालते. 2024 मध्ये छापून आलेल्या चांगल्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही.

पुढच्या प्रकरणांत हे सगळं सविस्तर येईल. शेवटी काही कोरी पानं जोडली आहेत. त्रास सुरू झाल्याची तारीख, ताप होता का, कल्चर केलं का, जंतू कोणता, कोणतं औषध किती दिवस घेतलं, एवढंच त्यावर लिहायचं. बाईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीनं किंवा नातीनं लिहावं. दवाखान्यात जाताना तेच पान पुढे करावं, तोंडानं सगळं सांगावं लागणार नाही.

पान उलटण्याआधी एक पाहून घ्यावं. थंडी वाजून ताप भरला आहे, कमरेच्या वर एका बाजूला, बरगडीखाली दुखतं आहे, उलट्या होताहेत, किंवा गरोदर बाईला जळजळ सुरू झाली आहे, तर आज वाचत बसायचं नाही. म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं आणि सोबत ताप असेल, तान्ह्या बाळाला कारण सापडत नसलेला ताप असेल, तरीही नाही. लघवीतून रक्त जात असून काही दुखत नसेल तर तेही अंगावर काढू नये, चाळिशीपुढे तर मुळीच नाही, त्याची तपासणी वेगळी असते. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडचा आकस्मिक विभाग रात्रभर उघडा असतो. ऑटो बोलवावा, घरात उरलेली औषधांची पिशवी आहे तशी सोबत घ्यावी आणि निघावं.